शाळेची नाडी कशी पाहावी?

जानेवारी-फेब्रुवारी आला की दवाखान्यात सर्दी-खोकल्याच्या पेशंटबरोबर एक प्रश्नही येऊ लागतो. औषधाची चिठ्ठी घेऊन पालक दारापर्यंत जातो, परत फिरतो आणि विचारतो, "डॉक्टरसाहेब, पोराला कुठल्या शाळेत घालू?" डॉक्टरला सगळेच कळते असा आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे आणि आम्ही डॉक्टर मंडळीही तो फारसा दूर करीत नाही.

गेल्या वर्षी असाच एक गृहस्थ आला. बाजार समितीत हमाली करतो, पाठदुखीसाठी माझ्याकडे नेहमी येतो. त्याची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत होती. तो म्हणाला, "शेजारच्या सगळ्यांची पोरं पिवळ्या गाडीतून जातात, साहेब. आमच्या मंडळींचं म्हणणं, आपलीपण घालू इंग्लिश मीडियमला. गळ्यातलं मोडावं लागेल, पण मोडू. तुम्ही फक्त सांगा, आपली झेडपीची शाळा चांगली का वाईट?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि गप्प बसलो. त्याला दोन कारणे होती. पहिले असे, की ही शाळा माझ्या रोजच्या रस्त्यावर असूनही पोलिओच्या डोसाचा एखादा कार्यक्रम सोडला, तर मी वर्षानुवर्षे तिच्या आत पाऊल टाकलेले नव्हते. दुसरे कारण सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगतो.

माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या कुटुंबाला मीच छातीठोकपणे एका खासगी शाळेचे नाव सुचवले होते. तिची इमारत देखणी, मुलांना टाय-बूट, फाटकावर वॉचमन. "डोळे झाकून घाला," असे मी म्हणालो होतो. शाळा पाहताना डोळे माझेच झाकलेले होते, हे पुढे कळले.

त्या घरची नऊ वर्षांची मुलगी वर्षभरात तीनदा माझ्याकडे आली. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, मधूनच थंडी वाजून ताप. लघवी तपासली तर जंतुसंसर्ग. मी अँटिबायोटिक दिले, बरे वाटले. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. सोनोग्राफी केली, त्यात काही दोष नाही. तिसऱ्या वेळी बरोबर तिची आजी आली होती. मी सवयीने म्हणालो, "पाणी भरपूर पाजा." त्यावर आजी म्हणाली, "काय पाजू, डॉक्टर? शाळेत नेलेली बाटली भरली तशीच परत येते. ती पाणी पीतच नाही."

"का गं?" मी मुलीला विचारले. ती बराच वेळ खाली मान घालून बसली. मग म्हणाली, "संडासला कुलूप असतं. चावी ऑफिसात मागावी लागते. तिथं सगळे सर बसलेले असतात."

सकाळी सातला घर सोडलेली मुलगी दुपारी दोनला घरी येईपर्यंत लघवीला जात नव्हती. जावे लागू नये म्हणून पाणी पीत नव्हती. पाणी कमी आणि लघवी तासन् तास धरून ठेवलेली, ही जंतूंना आयतीच सोय. मी तीनदा औषध बदलले, पण शाळेचा प्रश्न एकदाही विचारला नाही. आणि त्या शाळेत तिला घालायचा सल्ला माझाच!

वडिलांनी शाळेत जाऊन बोलणे केले, कुलूप निघाले. मुलीला दर दोन-तीन तासांनी लघवीला जायची सवय लावली, पाणी वाढवले. त्यानंतर तिला पुन्हा तो त्रास झाल्याचे माझ्याकडे आलेले नाही. पण तेव्हापासून मी कान धरला. शाळा आत जाऊन पाहिल्याशिवाय चांगली किंवा वाईट म्हणायची नाही.

म्हणून त्या हमाल गृहस्थाला मी म्हणालो, "आठ दिवस थांबा. आधी मी बघून येतो."

डॉक्टरने शाळा पाहणे नवे नाही

आमच्या एमबीबीएसच्या अभ्यासात 'रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यक' हा विषय असतो. परीक्षेपुरता वाचून आम्ही तो सोडून देतो. त्यात शालेय आरोग्याचे एक प्रकरण आहे. आपल्या देशात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ मध्ये बडोदा शहरात झाली, असे त्यात दिले आहे. हे बडोदा म्हणजे सयाजीराव गायकवाडांचे. प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा प्रयोग ज्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केला आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानाला लागू केला, तेच हे महाराज. मुले शाळेत आणली की त्यांची तब्येतही पाहिली पाहिजे, हे त्या संस्थानात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच कळले होते.

मी ते जुने पुस्तक माळ्यावरून काढले, धूळ झटकली आणि ते प्रकरण पुन्हा वाचले. मग एका बुधवारी, मधल्या सुट्टीच्या थोडे आधी, शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाई आधी जरा गांगरल्या. त्यांना वाटले, वर्गणी मागायला किंवा तक्रार घेऊन आलोय. कारण सांगितल्यावर म्हणाल्या, "बघा की, साहेब. काही झाकलेलं नाही आमच्याकडे. झाकायला दारं तरी कुठं धड आहेत!"

पाणी, संडास, साबण

पेशंटची जीभ पाहावी तसे शाळेत आधी संडास पाहावे. पुस्तकातले प्रमाण असे, की ६० मुलांमागे एक मुतारी आणि १०० मुलांमागे एक संडास हवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे सुरक्षित पाणी प्रत्येक शाळेला बंधनकारक केले आहे. पण कागदावरचा आकडा पाहून भागत नाही. दार उघडे आहे का? आतून कडी लागते का? आत पाणी आहे का? मुली प्रत्यक्षात वापरतात का? एवढे चार प्रश्न पुरेत. आणि ते मुख्याध्यापकांना विचारू नयेत, चौथीतल्या एखाद्या मुलीला विचारावेत. ती खरे सांगते.

या शाळेत मुलींच्या संडासाला कडी होती, आत पाण्याने भरलेली बादली होती आणि दाराला कुलूप नव्हते. मुलांच्या बाजूचा नळ मात्र कोरडा ठणठणीत. हात धुवायला ओळीने चार तोट्या होत्या, साबण एकही नव्हता. बाई म्हणाल्या, "आणला की चार दिवसांत संपतो." मी म्हणालो, "बाई, साबण संपतोय म्हणजे मुलं हात धुताहेत. ही चांगली खूण आहे. साबण संपण्याला घाबरू नका." जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुतले तर जुलाबाचे कितीतरी पेशंट माझ्या दवाखान्याची पायरी चढणार नाहीत.

खिचडीचा हिशोब

मधली सुट्टी झाली. मुले ताटे घेऊन व्हरांड्यात बसली. आम्ही लहान असताना शाळेत सुकडी मिळायची, ती आठवली. देशात शालेय पोषण आहाराची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आधी बऱ्याच ठिकाणी कोरडे धान्य दिले जाई. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिल्यानंतर शिजवलेले अन्न देणे भाग पडले. योजनेचे सरकारी नाव २०२१ मध्ये बदलले, मुलांच्या तोंडी आजही 'खिचडी'च आहे.

पालकांनी हा हिशोब पाठ करून ठेवावा. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. म्हणजे ७० मुले जेवणार असतील तर ७ किलो तांदूळ, १ किलो ४०० ग्रॅम डाळ आणि साडेतीन किलो भाजी पातेल्यात पडली पाहिजे. बाजाराचा हिशोब करणाऱ्या कोणत्याही माणसाला हे कळते. खिचडी नुसती पिवळी दिसली म्हणून तिच्यात डाळ आहे असे समजू नये. तो रंग हळदीचाही असतो. वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घ्यावी असा नियम आहे. ती नोंदवहीतल्या सहीपुरती घेतात की खरोखर, हेही पाहावे.

इथे एका शिक्षकांनी माझ्यासमोर ताटलीत घेऊन खाल्ली. मीही खाल्ली. डाळ होती, भोपळा होता, मीठ थोडे जास्त होते. सगळी मुले एका पंगतीत बसली होती आणि दुसऱ्यांदा मागणाऱ्याला कोणी दटावले नाही. सकाळी घरून चहा-बटर खाऊन आलेल्या मुलाला हे जेवण म्हणजे केवळ पोटाची भर नव्हे. भुकेले पोर फळ्याकडे पाहते, पण त्याला फळा दिसत नाही.

'ढ' म्हणजे काय?

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. आपल्याकडे मागे पडणाऱ्या मुलावर 'ढ' असा शिक्का चटकन बसतो. माझ्या अनुभवात त्यातल्या पुष्कळ मुलांना बुद्धीचा दोष नसतो. कोणाला दूरचे दिसत नसते. कोणाचा कान वाहतो, त्यामुळे अर्धे ऐकू येत नाही. कोणाच्या अंगात रक्तच नसते. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन साडेअकराच्या खाली गेले की आम्ही त्याला रक्तक्षय म्हणतो. असे मूल आळशी वाटते, पेंगते, त्याचे लक्ष लागत नाही. त्याला छडी नको, लोहाची गोळी हवी.

यासाठी सरकारी योजना आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून डॉक्टरांचे पथक वर्षातून एकदा शाळेत येणे अपेक्षित आहे. जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. लहान वर्गांना आठवड्याला एक गुलाबी लोहाची गोळी द्यायची असते. पालकांनी पाहायचे ते असे, की मुलांची उंची-वजने खरोखर घेतली आहेत का आणि तपासणीत दोष निघालेल्या मुलाचे पुढे काय झाले.

मी बाईंना हेच विचारले. त्यांनी तिसरीतला एक चष्मेवाला मुलगा बोलावला आणि म्हणाल्या, "हा मागच्या वर्षी काहीच लिहायचा नाही. मला वाटलं, याला येतच नाही. मग एक दिवस शुद्धलेखन तोंडी सांगितलं, तर सगळं बरोबर! फळ्यावरचं मात्र शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहायचा. तेव्हा लक्षात आलं, याचं डोकं ठीक आहे, डोळे बघायला पाहिजेत. ग्रामीण रुग्णालयात पाठवला. चष्मा लागला."

वाचकहो, मी मनातल्या मनात त्या बाईंना नमस्कार केला. याला आम्ही निदान म्हणतो. मुलाला कमी दिसते हे मूल स्वतः कधीच सांगत नाही, कारण सगळ्यांना असेच दिसते अशी त्याची समजूत असते. ते कोणीतरी ओळखावे लागते. आणि ज्या वर्गात प्रत्येक मुलाकडे पाहिले जाते, तिथेच ते ओळखले जाते.

शेवटच्या मुलाला काय येते?

शाळा पाहायला कोणी आले की एक हुशार मूल पुढे करण्याची पद्धत सर्वत्र आहे. ते खडाखडा पाढे म्हणते, कविता म्हणते, पाहुणे टाळ्या वाजवतात. याने काही कळत नाही. हुशार मूल कोणत्याही शाळेत शिकते. शाळेची नाडी सापडते ती शेवटच्या मुलाच्या मनगटावर.

'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करीत आली आहे. त्यांची पद्धत इतकी साधी आहे, की कोणालाही वापरता यावी. मुलाला आधी अक्षरे, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला द्यायची. कुठे अडते ते पाहायचे. पाचवीत गेलेली पुष्कळ मुले दुसरीचा मजकूर नीट वाचू शकत नाहीत, हे या पाहणीने वर्षानुवर्षे दाखवून दिले आहे. वाचता न येणाऱ्या मुलाला पुढचे सारे विषय म्हणजे भिंत.

मी चौथीच्या वर्गात दुसरीचे पुस्तक घेऊन गेलो आणि मागे बसलेल्या पाच मुलांना एकेक करून वाचायला सांगितले. तिघांनी व्यवस्थित वाचले. दोघे जोडाक्षराशी अडकले, एकाला तर ओळ संपवता आली नाही. हे चांगले नाही आणि मी ते इथे लपवत नाही. पण मी बाईंना विचारले, "या दोघांचं काय करता?" तेव्हा त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितले, की एकाला काना-मात्रा येतात पण जोडाक्षरे येत नाहीत, त्याला शाळा सुटल्यावर वीस मिनिटे बसवते. दुसरा दिवाळीपासून दोन महिने शाळेतच नव्हता, आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता, आजीने मागच्या पंधरवड्यात परत आणला.

याउलट मी अशीही उत्तरे ऐकली आहेत, "काय करणार, घरी अभ्यासच घेत नाहीत," किंवा "त्याच्या डोक्यातच बसत नाही." मागे पडलेल्या मुलाचे नाव, त्याची नेमकी अडचण आणि त्यावर चाललेला उपाय, या तीन गोष्टी ज्या शिक्षकाला तोंडपाठ आहेत, त्या शाळेत मूल घालायला मी कचरणार नाही.

हजेरी आणि डोकी

हजेरीपटावर ८४ मुले होती, मी मोजली तर ७१ भरली. फरक कुठे गेला, हे विचारायला संकोच करू नये. बाईंनी पाठीमागची वही काढली. १३ पैकी ९ मुले ऊसतोडीला गेलेली, ती कोणत्या कारखान्याच्या भागात आहेत हे लिहिलेले. तीन आजारी. एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी, तिच्या घरी दुसऱ्या दिवशी जाणार असे बाई म्हणाल्या. गैरहजर मुलांची आठवण ठेवणारी शाळा आणि त्यांची नावे तशीच 'हजर' लावणारी शाळा, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शिक्षकांची अडचण मात्र खरी होती. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक हवेत. इथे एक जागा वर्षभर रिकामी. दोन शिक्षक आणि चार वर्ग. म्हणजे एका वर्गाला शिकवताना दुसरा वर्ग काय करतो, हा प्रश्न आलाच. त्यांनी चौथीच्या मुलांना पहिलीच्या मुलांजवळ बसवून वाचनाच्या जोड्या लावल्या होत्या. युक्ती चांगली, पण ती शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. हे पालकांनी मागून घ्यायचे आहे.

खोली आणि दप्तर यांविषयी थोडक्यात. पुस्तकात एका मुलामागे किमान १० चौरस फूट जागा आणि एका वर्गात जास्तीत जास्त ४० मुले असे सांगितले आहे. म्हणजे २० बाय २० फुटांच्या खोलीत ४०. पावले टाकून कोणालाही मोजता येते. दारे-खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या निदान चौथा हिस्सा हवे. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको. २० किलोच्या मुलाला दोन किलो. घरच्या तराजूवर करून पाहा.

सोमवारची पोटदुखी

एक खूण मात्र शाळेत न जाता घरीच दिसते. काही मुलांचे पोट सोमवार ते शनिवार सकाळी दुखते, रविवारी दुखत नाही. मे महिन्यात तर मुळीच दुखत नाही. तपासावे तर पोट मऊ, ताप नाही, वजन ठीक. अशा पोटदुखीला माझ्याकडे औषध नाही. तिचे कारण बहुतेक वेळा भीती असते. शिक्षकांची, मोठ्या मुलांची किंवा चार जणांत हसे होण्याची. मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे यांना शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी आहे. तरीही "गुरुजी, हाडं आमची, मांस तुमचं" असे सांगणारे पालक आजही भेटतात. त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे, हाडेही तुमचीच आणि मांसही तुमचेच. दोन्ही सांभाळा.

शिक्षक वर्गात शिरले की मुले कशी बसतात ते पाहा. अंग चोरून बसली तर समजावे, काहीतरी बिघडले आहे. प्रश्न घेऊन पुढे धावली तर थोडा गोंगाट असला तरी चालेल. मी गेलो त्या दिवशी पहिलीतल्या एका पोराने माझ्या खिशातला स्टेथोस्कोप ओढून विचारले, "याच्यातून काय ऐकू येतं?" बाई रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "विचार त्यांना." पुढची पंधरा मिनिटे अख्खा वर्ग एकमेकांच्या छातीचे ठोके ऐकत होता.

फक्त झेडपीच्या शाळेलाच ही फूटपट्टी लावावी असे नाही. भरमसाठ फी घेणाऱ्या शाळेलाही हेच प्रश्न विचारावेत. रंगवलेल्या भिंती, शिष्यवृत्तीचा फलक, कपाटात बंद ठेवलेले संगणक आणि इंग्रजी पाटी यांवरून शाळेचा बाहेरचा पोशाख कळतो, प्रकृती कळत नाही. इंग्रजीचे महत्त्व मी नाकारत नाही. पण लहान मुलाला घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत आधी वाचता-समजता आले, तर पुढची भाषा लवकर येते. आई-वडिलांना ज्या भाषेतला अभ्यास पाहता येत नाही, त्या भाषेत सहा वर्षांचे मूल घरी अगदी एकटे पडते.

आपल्या हातात काय आहे?

कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, विकासाचा आराखडा करणे हे तिचे काम. पुष्कळ गावांत ही समिती सह्यांपुरती उरते, कारण सभेला पालकच येत नाहीत. कोरडा नळ, नसलेला साबण, रिकामी जागा या गोष्टी ठराव करून वर कळवता येतात. नुसते शाळा बदलून त्या सुटत नाहीत. आपले मूल काढून नेले की मागे राहिलेल्यांसाठी बोलणारा आणखी एक माणूस कमी होतो, एवढेच.

आठ दिवसांनी तो हमाल गृहस्थ आला. मी पाहिलेले चांगले आणि वाईट दोन्ही त्याला सांगितले आणि म्हणालो, "पण माझं ऐकून ठरवू नका. एक दिवस हमाली बुडवा आणि स्वतः बघा. मुलीला पुस्तक वाचायला सांगा."

तो ओशाळून हसला. "साहेब, मला कुठं वाचता येतंय? ती बरोबर वाचतेय का चूक, मला काय कळणार?"

मला उत्तर सुचले नाही. या सगळ्या विचारात हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा पाठ दाखवायला आला, तेव्हा स्वतःच सांगू लागला. तो बुधवारीच गेला होता. पोरीच्या शेजारी सतरंजीवर बसला, खिचडी खाल्ली. मग घरी रात्री तिला पुस्तक घेऊन बसवले. "अक्षर मला कळत नाही, साहेब. पण पोरगी अडखळते का सरळ जाते, हे ऐकू येतंच की. दोन जागी अडखळली. दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. तर त्यांना आधीच माहीत होतं, कुठं अडखळते ते."

"मग काय ठरवलं?"

"राहू दे म्हटलं तिथंच. गळ्यातलंपण राहिलं." मग जरा थांबून म्हणाला, "ते साबणाचं मी बोललो सभेत. दर महिन्याला पाळीपाळीनं एकेका घरानं द्यायचा ठरलंय. पहिली पाळी माझी."

त्या नळाला अजून पाणी आलेले नाही आणि शिक्षकाची जागाही भरलेली नाही. समितीने अर्ज दिला आहे, त्यावर मीही सही केली आहे.

माझ्या दवाखान्यात मात्र एक बदल झाला आहे. सहा ते चौदा वर्षांचे मूल आले की केसपेपरवर नाव, वय, वजन यांच्याखाली मी आणखी दोन ओळी लिहितो: शाळेत लघवीला जातेस का? आणि मधल्या सुट्टीत काय खाल्लेस? या दोन प्रश्नांनी माझी कितीतरी औषधे वाचली आहेत. पालकांनीही ते आज रात्री आपल्या मुलांना विचारून पाहावेत. उत्तर आले नाही, तर उद्या सकाळी शाळेत जावे.